रेडकाचा वाटा

लढाईच्या दिवसांत निपाणीत कडबा महागला, पेंड महागली, आणि रोज आमच्या दारात म्हैस आणून दूध काढून देणाऱ्या आप्पांनी भाव वाढवून मागितला. मालक दिवसभर तंबाखूच्या वखारीत, घरात सत्ता त्यांच्या विधवा आत्यांची. मी नवी सून, मांडीवर तान्हं पोर आणि अंगावर दूध म्हणाल तर थेंब नाही. तोंड उघडायची सोय कुठली!

आत्या मोठ्या धर्माच्या. पाणी गाळल्याशिवाय प्यायच्या नाहीत, मुंगी दिसली तर वाट सोडायच्या. पण घासाघीस करायला लागल्या की कानडीत शिरायच्या, आणि मग समोरच्याचं काही चालायचं नाही.

"आक्का, ह्या भावात पेंड परवडत न्हाय," आप्पा म्हणाले. "मग रेडकाच्या वाट्याचं दूधबी तुमालाच घालाय लागंल."

"घाला की. आम्ही काय नको म्हणतोय?"

ऐकलंत? मी आत दातओठ खात बसले.

रेडकू रोज म्हशीमागनं यायचं. पान्हा सुटेपर्यंत त्याला लावायचं, सुटला की ओढून बाजूला धरायचं. पूर्वी शेवटी एक सड त्याच्यासाठी राखलेला असायचा, आता त्याचंही दूध आमच्या चरवीत यायला लागलं. रेडकाच्या बरगड्या दिसायला लागल्या, मग ते चालता चालता मटकन बसायला लागलं. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवून "अगाई गं, बिचारं" म्हणायच्या. इतका राग मला उभ्या जन्मात कुणाचा आला नाही.

एके सकाळी ते आप्पांच्या खांद्यावरून आलं. उतरवून उभं केलं तर उभंच राहिलं. डोळ्यांच्या जागी शिवण होती, पोटाच्या टाक्यांतून पेंढा डोकावत होता. म्हशीनं हुंगलं, चाटायला लागली, आणि पान्हा सोडला. आत्या किंचाळल्या, "चामडं! माझ्या दारात चामडं!" दोन घागरी ओतून पायरी धुतली. दूध मात्र घेतलं.

तेच दूध मी बाळाला पाजलं. काय करणार होते?

चाटून चाटून त्या कातड्याचे केस गेले, वास गेला. एक दिवस म्हैस त्याच्याकडं बघेना. आप्पा गोंजारून थकले, पण थेंब नाही. आत बाळ भुकेनं टाहो फोडत होतं, त्याला घेऊन मी उंबऱ्यात आले. म्हशीनं मान वळवली. तिच्याच दुधाचा वास येत असणार त्याच्या अंगाला. मी मागं सरायच्या आत तिची जीभ त्याच्या डोक्यावरून फिरली, आणि आप्पांचा हात लागायच्या आधीच खाली दूध ठिबकायला लागलं. बाळ रडायचं थांबलं.

आत्यांनी कमरेची पिशवी सोडली.

"आप्पा, तुम्ही म्हणाल तो भाव. मागचा फरकही घ्या. पण हे... हे नको."

"भावाचं मिटलं की, आक्का," आप्पा म्हणाले. "आता म्हशीला काय सांगू?"

दुसरी म्हैस बघायला त्याच दिवशी माणूस पाठवला, पण दुभतं जनावर त्या साली कुणी दावणीचं सोडेना. दुसऱ्या सकाळी आप्पांची म्हैस दारात येऊन रेकायला लागली. मी बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. आत्या मागं, माझा खांदा घट्ट धरून. खरखरीत जीभ त्याच्या टाळूवर फिरत राहिली. टाळू अजून भरली नव्हती, कातडीखाली ठोका उडताना दिसत होता. चरवी भरेपर्यंत मी त्याला तिच्यापुढं तसंच धरून ठेवलं.