कंडक्टरच्या मुलीचं तिकीट

अक्कलदाढेकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते खडूंमुळे. सहावीच्या वर्गात खडू टिकेनात. नवा डबा आणावा आणि बघता बघता तो रिकामा. पोरं एकमेकांना फेकून मारत असतील, असं मला वाटलं. ते तर सनातन आहे. पण जमिनीवर एक तुकडा सापडेल तर शपथ. एकदा मधल्या सुट्टीत वर्गात शिरले, तर शेवटच्या बाकावर एक किडकिडीत मुलगी कर्कटकाच्या टोकाने काहीतरी कोरत बसलेली.

"मूठ उघड," मी म्हटलं.

तळहातावर दाढ होती. खडूची. खाली मुळं, वर खळगे, आणि एका कोपऱ्याला थोडी झिजलेली.

"ही इथे झिजलेली का गं?"

"आईची अशीच आहे, बाई. ती त्याच बाजूने चावते."

डॉक्टरांनी उपटलेली आईची दाढ तिने धुऊन, कागदात बांधून, नमुना म्हणून शाळेत आणली होती. रागवायचं राहूनच गेलं. ती खडूची दाढ मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात होती. वर्गाने मुलीचं नाव अक्कलदाढ ठेवलं आणि ते तिला शोभलं. तीही आडवी यायची, आणि एकदा आली की कुणाला स्वस्थ बसू द्यायची नाही.

पुढे मी त्यांच्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा या गुणाचा उगम सापडला. तिचे वडील बसकंडक्टर. गळ्यात शिट्टी असूनही पुढच्या दोन दातांच्या फटीतून ते अशी शिट्टी मारत की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. त्यांच्या बसमधून फुकट कुणी गेलं नाही. स्वतःच्या सासूबाईंकडूनही त्यांनी तिकिटाचे पैसे घेतले होते, वर सुट्टे नाहीत म्हणून दोन शब्द ऐकवले होते. बायकोने विषय काढला की म्हणायचे, "मग? सासू बसली म्हणून बस काय हवेवर चालते?" मात्र त्यांचा दुसराही एक नियम होता. "तिकीट काढलेला माणूस तक्रार करत असेल तर मुकाट ऐकून घ्यायचं. विनातिकीटवाल्याला तोंड नसतं."

रोज सकाळी ते घर जागं करायचे तेही बसच्याच भाषेत. "चला, शेवटचा स्टॉप! उतरा, उतरा! सामान विसरू नका!" माझ्या छतातून तो आवाज आला की मीसुद्धा उठून बसत असे.

अक्कलदाढ शिकून एका कारखान्यात लागली. तिथे कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात. ही मुलगी प्लास्टरचा साचा करते, मेणात एकेक दात बसवते, घासूनपुसून चकचकीत करते. पहिला पगार झाला त्या रात्री जेवणं उरकल्यावर वडिलांनी ताटावर चमचा वाजवला आणि हात पुढे केला.

"तिकीट."

"कसलं, बाबा?"

"घरात राहण्याचं. शिकत होतीस तोवर पास होता. पास संपला."

"अहो, लेकीकडून भाडं घेता?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक राहायला आले तर त्यांनाही तिकीट."

मुलगी कसली वस्ताद! तिने पैसे समोर ठेवले आणि स्वतःचा हात पुढे केला. "पैसे घेऊन तिकीट न देणं हा गुन्हा आहे, बाबा." शेवटी त्यांनी जुन्या कॅलेंडरचा कपटा फाडला, जपून ठेवलेल्या तिकीट-पंचने त्याला भोक पाडलं आणि तिच्या हातावर टेकवला. हा प्रकार दर महिन्याला चालू झाला.

मग ते निवृत्त झाले, आणि नोकरीच्या मागोमाग दातही गेले. उरलेले हलत होते ते डॉक्टरांनी काढून टाकले. नाक्यावरच्या बाकावर जुने ड्रायव्हर-कंडक्टर जमत. यांनी तिथे जाणं सोडलं. हसू आलं की तोंडावर हात. बोलणं मानेनेच. सकाळी माझं छत गप्प झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लेक सगळ्या गावाला दात पुरवत होती आणि बाप दुधात पाव भिजवून खात होता.

तशात लेकीने घोटाळा केला. ती उत्साहाने म्हणाली, "बाबा, मी करते ना तुमची कवळी. मालकांना विचारलंय. अगदी फुकट!"

त्या घरात जो शब्द काढायचा नाही, नेमका तोच तिने काढला.

"फुकटचे दात लावून हसू कुणाकडे बघून?" ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "आणि विकतचं म्हणशील तर घरखर्चाचे पैसे मी माझ्या तोंडात घालणार नाही. विषय संपला."

ती खाली माझ्याकडे येऊन बसली. शाळेतही कधी रडली नव्हती, त्या दिवशी डोळे भरलेले.

"बाई, दात गेले तर गेले हो. पण माणूसच गप्प झालाय. मला त्यांचा आवाज परत हवाय."

"फुकट नको म्हणतात ना?" मी म्हटलं. "मग महाग करून बघ."

तिने झटकन मान वर केली. मग डोळे पुसले आणि खडू चोरताना हसायची तशी हसली.

पगाराच्या दिवशी तिने मला वर बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून. जेवणं झाली. चमचा वाजला. हात पुढे आला.

"नाही काढणार," ती म्हणाली. "आधी तक्रार आहे."

वडिलांनी भुवया उंचावल्या.

"हा कंडक्टर स्टॉप आला तरी ओरडत नाही. प्रवासी झोपून राहतो आणि कामावर बोलणी खातो."

"गजर लाव."

"भाडं मी गजराला देते का?" ती म्हणाली. "बरं, मला सांगा, भाड्याच्या पैशातून गाडीची दुरुस्ती होते की नाही?"

"होते."

"मग कंडक्टर गाडीत धरायचा की बाहेर?"

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. आई पदराआड हसत होती.

"नसेल जमत तर राहिलं. कारखान्याजवळ मुलींच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. मी गाडी बदलते." तिने दाराकडे बोट दाखवलं. तिथे गच्च भरलेली पिशवी उभी होती.

वडिलांची नजर पिशवीवरून हलेना. मी त्यांना कधी इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"अहो, बघताय काय? प्रवासी उतरतोय," आई म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकवलेली ही. यात काही कायदा आहे का?"

"तुमचाच आहे," मी म्हटलं. "तिकीट काढलेल्याची तक्रार मुकाट ऐकायची."

त्यांनी डोकं खाजवलं. मग लेकीला विचारलं, "कवळीची पूर्ण किंमत ना? सवलत चालणार नाही."

"पूर्ण. वर डॉक्टरांकडे रांगेत बसावं लागेल."

"रांग असायलाच पाहिजे," ते समाधानाने म्हणाले आणि तिच्यासाठी कॅलेंडरचा कपटा फाडला.

पिशवीत धुवायच्या चादरी होत्या, हे मला जिना उतरताना तिच्या आईने सांगितलं.

अशा गोष्टींत बाप लेकीचे पैसे गुपचूप साठवून एके दिवशी तिच्या ओंजळीत ठेवतो, असं मी पुष्कळ ऐकलं आहे. इथे तसं काही घडलं नाही. तिचं भाडं सरळ त्यांच्या तोंडात गेलं. तिथून ते कारखान्यात गेलं आणि पगार होऊन तिच्याकडे परत आलं. पैशाने एवढी गोल फेरी त्यांच्या बसमध्येही मारली नसेल.

कवळी तिने स्वतः केली, आईवडिलांच्या लग्नातला फोटो समोर ठेवून. ती बसवली तेव्हा वडिलांना वाटलं होतं, जाहिरातीतल्यासारखी पांढरी सरळ रांग असेल. आरसा हातात घेतला, जीभ पुढे गेली आणि थांबली. पुढच्या दोन दातांत फट होती. जुनी, मापाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या छतातून अशी शिट्टी आली की माझ्या हातातलं भांडं सुटलं. पाठोपाठ आवाज, "चला, शेवटचा स्टॉप!"

अक्कलदाढ आता कारखान्यात चौघींना काम शिकवते. ती अजून आईवडिलांकडेच राहते, आणि गेल्या महिन्यात वडिलांनी तिचं भाडं वाढवलं.