सुनंदाताईंनी मला विळीवर बसवलं

सुनंदाताई गेल्याचं त्यांच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी एस.टी.त होते, फलटणहून घरी येत होते. भरल्या गाडीत रडायचं तरी कसं... खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "कोण होतं?" नात्यातलं कुणी नव्हतं. "माझी मुलगी मला ज्यांच्यामुळे मिळाली, त्या गेल्या," एवढंच बोलले.

जुई तेव्हा अगदी तान्ही होती. नवरा फौजेत, लांब पोस्टिंगवर. घरी सासूबाई आणि मी. एकदा भाजी चिरताना मनात आलं, ही विळी बाळाला लागली तर? आणि पाठोपाठ दुसरा विचार आला... मीच मारली तर? त्या विचाराने मी गार पडले. झटकला, की दुप्पट जोराने यायचा. मी विळी माळ्यावर टाकली. बाळाजवळ एकटी थांबेना, अंघोळ घालेना. सासूबाई शेजारी बसल्या तरच दूध पाजायची. गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा त्यांनी मला सांगलीला सुनंदाताईंच्या क्लिनिकमध्ये नेलं. "आवं मॅडम, सून लेकराला हात लावंना. का ते सांगत बी न्हाई. तुमीच बघा आता," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

ताई सांगलीजवळच्याच एका जैन शेतकरी घरातल्या. मानसशास्त्र शिकल्या, काही वर्षं पुण्यात काम केलं आणि परत आल्या. "आपल्याकडची माणसं पुण्यापर्यंत पोचतच नाहीत गं, त्याआधीच घरात कोंडली जातात," म्हणायच्या. त्यांचं क्लिनिक हळदीच्या दुकानाच्या वर होतं. ओळखीचं कुणी जिन्यात भेटलं तर हळद न्यायला आलोय म्हणता यावं, म्हणून ती जागा घेतली, असं हसत सांगायच्या. मी त्यांच्यासमोर बराच वेळ नुसती रडले. मग एका दमात सगळं बोलून टाकलं. वाटलं, आता या पोलिसांना बोलावतील, बाळ काढून घेतील. ताई शांतपणे म्हणाल्या, "असे विचार पुष्कळ आयांना येतात, संगीता. जिला खरंच मारायचं असतं ती विळी माळ्यावर लपवत नाही. तुझा जीव आहे तिच्यावर, म्हणून तू इतकी घाबरलीस." या आजाराला ओसीडी म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

पण ते उपचार सोपे नव्हते. आधी विळी माळ्यावरून खाली काढायची, नुसती समोर ठेवून बसायचं. मग हातात घ्यायची. मग बाळ पलीकडच्या खोलीत असताना चिरायचं. शेवटी ताई स्वतः आमच्या गावी आल्या, स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसल्या. जुईला माझ्या बाजूला दुपट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चिर दोडका." माझे हात लटलटत होते. "ताई, तुम्ही तिला घ्या ना." "नाही घेणार." "मग काही होणार नाही, एवढं तरी म्हणा." "तेही नाही म्हणणार. भीती येऊ दे. तिला घालवू नकोस, तिच्याबरोबर बस. ती आपोआप दमते." मी घामाने भिजले. डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं, आणि मी एकेक फोड करत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक... केव्हातरी लक्षात आलं, की हात थांबलेत थरथरायचे आणि जुई झोपलीय. दाराआड उभ्या सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. जेवताना म्हणाल्या, "दोडका लय कडू निघाला, पर कुणी बोलायचं न्हाई." ताईंनी भाजी दोनदा मागून घेतली.

पुढे आमची मैत्री झाली. ताई कुत्र्यांना भयंकर घाबरायच्या. आमच्या गल्लीत आल्या की माझा दंड घट्ट धरून चालायच्या. मी चिडवलं की म्हणायच्या, "त्याचं औषध मला माहीत आहे, पण घ्यायला धीर होत नाही बघ!"

ताईंचं शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. मिरजेला दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा धीर करून विचारलं, "ताई, भीती वाटते?" म्हणाल्या, "वाटते की. सकाळी जास्त वाटते. चहा होईपर्यंत जरा निवते." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यासारख्या पोरी येतात क्लिनिकमध्ये. माझ्यापुढे त्यांचं तोंड उघडत नाही. तू येऊन बसशील का त्यांच्याजवळ?"

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा गेले. आता तिथलं काम त्यांची विद्यार्थिनी अमृता बघते. ताईंच्या खोलीत समोरासमोर सारख्याच दोन वेताच्या खुर्च्या आहेत, मध्ये टेबल नाही. ते त्यांनी कधी ठेवूच दिलं नाही. एका खुर्चीत जवळच्या खेड्यातली एक मुलगी खाली मान घालून बसली होती. तिचं बाळ बाजूला तिच्या आईच्या मांडीवर. मी दुसऱ्या खुर्चीत बसले आणि माझी हकीकत सांगितली, विळीसकट, काही न गाळता. तिने मान वर केली. "तुमाला अजून येत्यात तसले विचार?"

"कधीमधी येतात. येतात नि जातात."

"आन् तुमची पोरगी?"

"बारावीला आहे. एक शब्द खाली पडू देत नाही माझा."

ती उठली, आईच्या मांडीवरून बाळ उचललं आणि अंग चोरून, जपून, खुर्चीत घेऊन बसली. बाळाने तिच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरून ओढली.

"आगं, तुटंल की!" ती म्हणाली, आणि हसली.