रिकामं उतरणारं विमान

विमान चालवायचा परवाना हातात होता, पण उड्डाणाचे तास कमी. त्यामुळे भाड्याने विमानं फिरवणारी मुंबईची एकही कंपनी मला दारात उभं करत नव्हती. तास भरावेत म्हणून मी एका खेळवाल्याचं जुनाट विमान जुन्नर-आंबेगावच्या जत्रांवरून उडवू लागलो. आमच्या विमानातून एक माणूस हवाई छत्री बांधून उडी मारायचा आणि खाली लोक माना वर करून बघायचे, एवढाच खेळ.

उडी मारणारा निरगुडसरचा, महायुद्धातून परतलेला जवान. लेण्याद्रीचा डोंगर दिसला की तो पायातले बूट काढायचा, गणपतीला हात जोडायचा आणि अनवाणीच दारातून झेपावायचा. "देवाम्होरं बुटं घालून कसं जायाचं, राव? तेवढी तुमी खाली आना," असं दर वेळी ओरडून सांगायचा.

एका जत्रेत छत्री उघडलीच नाही. मी विमान उतरवलं तेव्हा लोक नांगरलेल्या रानाकडे धावत होते आणि बूट माझ्या सीटमागे तसेच होते.

पुढे एका कंपनीच्या साहेबाने मला बोलावलं. "तास भरपूर आहेत हो," तो म्हणाला, "पण तुम्ही वर नेलेला एकही माणूस तुमच्याबरोबर खाली आलेला नाही. आम्हाला माणसं खाली आणणारा पायलट हवा."

टाळकं सणकलं. त्याची कॉलर धरावीशी वाटली. पण त्यात खोटं काय होतं? मी सुखरूप खाली आणले ते फक्त बूट, आणि तेही त्या जवानाच्या बायकोने घेतले नाहीत.