मागच्या रांगेतला तिसरा आवाज

गानविद्यालयात तिला सगळे ‘खांब’ म्हणायचे. चार सत्रं ती ऑपेरात गायली, पण कशी? कधी शिपाई, कधी धोबीण, कधी नुसतीच जनता. उभी मात्र कायम मागच्या रांगेत तिसरी, रंगवलेल्या खांबाला खेटून. “तू तिथे गातेस की देखावा धरून ठेवतेस गं?” दादा विचारायचा. एकटीने गायचं म्हटलं की ती टाळाटाळ करायची. पस्तीस जणांत उभी केली, की सुरावरून केसभर ढळायची नाही.

पदवीच्या तोंडावर कार्यालयाने कळवलं, समूहगायनाची चार सत्रं बाकी आहेत. ऑपेरा म्हणजे एकेकट्याचं गाणं, तो धरत नाहीत. इकडे एका शाळेत तिची गाणं शिकवायची नोकरी ठरलेली. दोन महिन्यांत प्रमाणपत्र दाखवलं नाही तर जागा दुसरीला.

तिने अर्ज केला. समिती बसली. कॉयरचे, म्हणजे समूहगायनाचे, सर नियमावर बोट ठेवून होते. ऑपेरा धरला असता तर त्यांच्याकडे काळं कुत्रंही फिरकलं नसतं. ऑपेराच्या बाईंनी तिला निरखून पाहिलं. “ही आमच्यात होती?” प्राचार्य घड्याळ बघत होते.

“गायलीस ना? मग गाऊन दाखव,” सर म्हणाले.

तिने उभं राहून ऑपेरातला आपला भाग सुरू केला. तालाचे चौदा ठोके गप्प. मग एकच सूर, बावीस ठोके. पुन्हा गप्प. पुन्हा तोच सूर.

सरांनी हात वर केला. “याला गाणं म्हणतात?”

“बाकीचे चौतीस जण असले की म्हणतात, सर.”

प्राचार्यांना पहिल्यांदाच हसू आलं. पण समिती ती समिती, कोणालाच दुखवायचं नाही. अर्धा ऑपेरा धरला, उरलेल्याबद्दल महिनाभर रोज कॉयरमध्ये हजेरी.

चौथ्याच दिवशी सरांनी तिला पुढे ओढलं. “सूर पक्का आहे तुझा. कार्यक्रमात मधलं कडवं तू एकटी गा.”

“पण सर, मला समूहाचा अनुभव हवाय.”

“मग? कॉयरमध्येच गाते आहेस ना?”

कार्यक्रमात ती गायली. कडवं संपेपर्यंत मागचे चाळीस जण तोंड मिटून उभे होते. आठवड्याने प्रमाणपत्र हातात आलं. त्यावर सरांची वळणदार सही होती आणि शेरा होता : समूहगायन, उत्तम.