एकाच बोटाला शाई

विमलअक्कांच्या हातात मी आमचं पत्रक दिलं. त्यांनी दोन्ही बाजूंवरून बोटं फिरवली आणि ते मला परत केलं. म्हणाल्या, "कोरा आहे गं हा."

पत्रकाचा मथळा होता 'मतदान सर्वांसाठी!' उद्गारचिन्ह माझं. अपंगांच्या मतदानहक्काचं काम करणारा आमचा छोटा गट आनेकलच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होता. अंध मतदारांना त्यांचे हक्क सांगणारा मजकूर आम्ही छापला होता गुळगुळीत कागदावर, शाईनं. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "चहा घेतीस काय? घर हे मागंच आहे. काय छापलंयस ते वाचून तरी दाखव."

'कोरा आहे' हा त्यांचा ठरलेला शेरा. बँकेची नोटीस, लग्नपत्रिका, नगरसेवकाचं हात जोडलेलं रंगीत कार्ड. एकदा बोट फिरायचं आणि निकाल लागायचा. सुरात तक्रार नसायची. माझ्या असायची. आमचं पत्रक मात्र त्यांनी पाटी आणि टोच्या काढून ब्रेलमध्ये उतरवून दिलं. मजकूर छाटून निम्म्यावर आणला. "उद्गारचिन्हं काढून टाकलीत," म्हणाल्या, "ओरडलीस म्हणून जास्त ऐकू येत नाही."

मूळच्या निपाणीच्या. लहानपणी ताप येऊन दृष्टी गेली. शिकल्या, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या. नवरा मारुतीअण्णा तिथंच लेथवर होता. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. मतदानाच्या दिवशी अण्णांचा एक थाट असायचा. स्वतःचं मत दिलं की डाव्या हाताच्या बोटाला शाई. मग अंध मतदाराचे सोबती म्हणून अक्कांचं मत द्यायचं, की उजव्या हाताच्या बोटालाही शाई. दोन्ही बोटं वर करून ते गल्लीत शिरायचे. "दोन मतं टाकून आलो!"

सोबत्याला आधी लिहून द्यावं लागतं की हे मत मी गुप्त ठेवीन. अण्णा दर वेळी सही करायचे आणि चहा उकळायच्या आत अक्कांनी कुणाला मत दिलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक व्हायचं.

मी भडकले. "अक्का, हा तुमच्या हक्कांचा भंग आहे!"

"बस गं स्वल्प, जरा दम धर," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला कधी फसवलं नाही. मी नाव सांगते, त्याच्यासमोरचंच बटण दाबतात. असं म्हणतात." मग हळूच, "विश्वास आहे गं माझा. पण विश्वास ठेवायचा कंटाळा आलाय."

हे वाक्य मी कुठल्याच पत्रकात लिहू शकले नसते.

विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. मी त्यांना सांगितलं की यंत्रावर प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा असतो. केंद्राध्यक्षाकडे उमेदवारांची ब्रेल यादी असते, ती मागायची. झालं. अक्कांनी जुन्या पायजम्याच्या पट्टीवर शर्टाची बटणं शिवली, पुठ्ठ्यावर आकडे टोचले आणि तालीम सुरू. उमेदवार कोण? वांगं, दोडका, कारलं आणि भेंडी. अक्का पदराआड पट्टी धरून मत द्यायच्या.

"कुणाला दिलंस?" अण्णा स्वयंपाकघरातून विचारायचे.

"सांगत नाही."

"अगं, भाजीचं मत आहे की!"

"म्हणून काय झालं?"

अण्णा हसायचे, पण थोडे हिरमुसायचेही. इतक्या वर्षांत बायकोची अशी एकही गोष्ट नव्हती जी त्यांना ठाऊक नाही.

मतदान एका शाळेत होतं. दारातला रॅम्प इतका उभा की मुलांची घसरगुंडी बरी. आत एका स्वयंसेवकानं अक्कांना गुलाब दिला आणि फोटो काढला. फोटोसाठी अपंग मतदार लगेच सापडतो. 'दिव्यांग' म्हणा, असं आम्हाला सांगतात. म्हणा की. आधी रॅम्प नीट करा.

माझ्याकडे मदतनिसाचा बिल्ला होता, म्हणून दारात उभी राहू शकले. केंद्राध्यक्षांनी अक्कांच्या डोक्यावरून अण्णांना कन्नडमध्ये विचारलं, "जोतेगे यारु?" सोबत कोण?

अण्णांनी सवयीनं उजवं बोट पुढं केलं.

"यारू इल्ला," अक्का म्हणाल्या. कुणी नाही. "नानोब्बळे." मी एकटीच. "ब्रेल यादी द्या."

शोधाशोध झाली. कपाट झालं, पेटी झाली. रांगेतून कुणी म्हणालं, सोबत जाऊ द्या की, उशीर होतोय. अक्का हलल्या नाहीत. शेवटी यादी सापडली, इडलीच्या पार्सलांखाली. अक्कांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"हा कोरा नाही," त्या म्हणाल्या, आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्या.

मग यंत्राचा तो लांब आवाज. शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसते, मत बरोबर पडल्याचा पडताळा म्हणून. दिसते कुणाला? हे मी अजून विचारते आहे. पण त्या दिवशी अक्का बाहेर आल्या त्या नव्या नवरीसारख्या लाजत.

"कुणाला दिलंस?" अण्णांनी पायरीवरच गाठलं.

"कारल्याला."

दिवसभर त्यांनी विचारलं. गल्लीनं विचारलं. उत्तर कारलंच.

वर्षभरानं लोकसभा आली, तेव्हा अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागायचा होता, त्यातून सगळं धुरकट. अक्कांनी त्याच शिवलेल्या बटणांवर त्यांची तालीम घेतली, उमेदवार ओळीनं पाठ करून घेतले. त्या स्वतः मत देऊन बाजूला झाल्या आणि नव्या केंद्राध्यक्षांनी अण्णांना विचारलं, "जोतेगे यारु?"

अण्णांनी बायकोकडे बोट केलं.

केंद्राध्यक्षांनी अक्कांच्या काठीकडे पाहिलं, अण्णांच्या पट्टीकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

"येते की," अक्का म्हणाल्या. "तुम्ही सांगाल त्याच्यासमोरचंच दाबते. ठेवा विश्वास."

अण्णांनी पुढं केलेलं बोट मागं घेतलं. मग म्हणाले, "नको. मी बघतो माझं."

"वरनं बोट फिरवत जावा. गडबड करू नका."

फार वेळ लागला. आडोशामागून पुटपुटणं ऐकू येत होतं. रांग हसायला लागली. मग आवाज झाला आणि अण्णा छाती काढून बाहेर आले.

"कुणाला दिलंत?" अक्कांनी विचारलं.

"सांगत नाही, जा!"

अक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की दारातला पोलीस वळून बघायला लागला.

आता दोघं निपाणीला मुलीकडे असतात. फोनवर मला अजून एकमेकांच्या चहाड्या सांगतात, पण ती एक गोष्ट दोघांनीही सांगितलेली नाही. लोकसभेच्या मतदानाहून परतताना मी रिक्षात पुढं बसले होते. मागं अक्कांनी अण्णांचा उजवा हात ओढून घेतला आणि त्याच्या बोटावरून आपलं बोट फिरवलं.

"कोरं आहे ना हे?"

"कोरं," अण्णा म्हणाले.