झडतीमावशींचा संशय

कुठलीही बाई कारखान्यातून रिकाम्या हातानं घरी जाते, यावर झडतीमावशींचा विश्वास नव्हता. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनत असे. तांब्याचे तुकडे चोरीला जात, म्हणून शिफ्ट सुटली की मावशी एकेकीला पडद्याआड नेऊन तपासत. कंबर, बाह्या, अंबाडा. जेवणाचा डबा कानाशी हलवून बघत आणि आवाज आला नाही तर जास्तच संशय घेत. अंगाऱ्याची पुडीसुद्धा उलगडून हुंगत. "आमी कुनाला चोर म्हनत न्हाई," त्या म्हणत, "पन साव बी म्हनत न्हाई."

माझ्यावर त्यांचा विशेष डोळा होता. मी लातूरची, लग्न होऊन भोसरीत आलेली, कंत्राटी कामगार. अधूनमधून मला उजव्या कुशीत आणि खांद्यात कळ यायची, धाप लागायची. मग मी छातीशी हात धरून वाकून चालायची. "काय दाबून धरलंयस?" मावशी विचारत. एकदा त्यांनी मला लागोपाठ तीनदा तपासलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे लई हुशार हायस."

मला रडू फुटलं. सुपरवायझर आधीच मला नाटकी म्हणत होता. आणखी एक खाडा झाला तर काढून टाकीन, असं त्यानं बजावलं होतं. सुट्टी मिळून डॉक्टरकडे जाईपर्यंत आठवडा उलटायचा, तोवर दम कमी झालेला असायचा. एक्स-रे स्वच्छ. "अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणायचे. मला कामच नको आहे, असं नवऱ्यालाही वाटू लागलं. हळूहळू माझा मलाच संशय येऊ लागला.

पुढच्या महिन्यात पुन्हा कळ आली. मावशींनी माझ्या बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवले आणि थांबल्या.

"मोठा श्वास घे. परत घे." त्यांचा चेहरा बदलला. "डावी बाजू उचलतीय, उजवी हालंना. आन् तुझ्या पिशवीत पॅडचं पाकीट असतं, त्याच दिवसांत तू वाकतीस. तीन महिने बघतीय. मला वाटलं, पाकिटातच काय लपवतीस."

"पाळीचा आणि दम लागण्याचा काय संबंध, मावशी?"

"ते मला काय ठावं? पन इतकं जुळतंय म्हंजे कायतरी हाय."

ड्यूटी संपताच त्यांनी मला रिक्षात घातलं, वाटेत घरून जुना एक्स-रे घ्यायला लावला, तो कधी काढला ते विचारून घेतलं आणि पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई जुना एक्स-रे पाहून "नॉर्मल आहे" म्हणाल्या.

"त्यो दुखणं गेल्यावर काढलाय," मावशी म्हणाल्या. "आजचा काढा. आमी हितंच बसतो."

उजवं फुप्फुस आकसलं होतं, भोवती हवा साठली होती. लगेच छातीत नळी घातली. पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तेव्हा कारण कळलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ठिपके छाती-पोटामधल्या पडद्यावर उगवले होते. पाळी आली की तेही सुजत, त्यांतून रक्त येई. पडद्याला बारीक भोकं पडली होती, त्यांतून हवा छातीत शिरत होती. एंडोमेट्रिऑसिस. मावशींनी तो शब्द डॉक्टरीणबाईंकडून कागदावर लिहून घेतला आणि सुपरवायझरला नेऊन दाखवला. नवरा पलंगापाशी मान खाली घालून उभा होता. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या खिशात तांबं आहे.

दोन महिन्यांनी मी कामावर परतले, तर सिक्युरिटीचं कंत्राट बदललं होतं. नव्या मुली अंगावरून यंत्र फिरवून सोडून देत. मावशी राजगुरुनगरला लेकाकडे गेल्याचं कळलं. नंबर मिळवून मी फोन केला.

"गोळ्या रोज घेतीस का?"

"घेते की."

"फोटो पाठव."

मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवला. लगोलग फोनवर त्यांचा आवाज आला, "हे जुनं न्हाई कशावरनं?"

मी त्या दिवशीचं वर्तमानपत्र पाकिटाशेजारी ठेवलं आणि पुन्हा फोटो काढला.