दोन चालींचं पद

आमच्या माहेरी देवघर नव्हतं, एक पद होतं. विलायतेतल्या युनिटेरियन पंथाचा कुणी पाहुणा मुंबईच्या एकेश्वरी मंडळींकडे आला होता, त्याच्याकडून पणजोबांनी ते घेतलं. शब्द मराठी केले, चाल मात्र इंग्रजीच ठेवली. त्यामुळे ओळीच्या शेवटी एकेक अक्षर ताणत बसावं लागे. घरच्या बायकांना ते काही झेपेना. त्यांनी तेच शब्द सरळ ओवीच्या चालीवर बसवले आणि पोळ्या लाटताना, पोरं निजवताना म्हणू लागल्या. पुरुषांची चाल उपासनेला आणि माणूस गेल्यावर, बायकांची स्वयंपाकघरात. बाबा तिला ‘फोडणीची चाल’ म्हणायचे. पदाचं मूळ शोधण्यात त्यांनी निवृत्तीनंतरची वर्षं घालवली, पण या चालीची साधी चौकशी केली नाही. मला त्याचा भारी राग होता.

सार्सच्या साथीच्या वर्षी ते सिंगापूरला, बिशानच्या आमच्या घरी राहायला आले होते. नवरा जहाजावर, घरी मी आणि लेक. शाळेने मुलांना थर्मामीटर दिली होती. लेकीने हौसेने आजोबांचा ताप घेतला आणि आकडा मोठ्याने वाचला.

न्यायला आलेल्या माणसांचे नुसते डोळे दिसत होते. बाबांना हॉस्पिटलात वेगळं ठेवलं आणि आम्हाला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. शेजारीण भाजीची पिशवी दाराच्या जाळीला अडकवून पळून जायची. तिचा राग नाही आला. मीही पळालेच असते. बाबा तिथेच गेले तर तोंडही न दाखवता परस्पर नेतील, एवढं एकच डोक्यात घोळत होतं. “आजोबा ओके लाह,” लेक तिथल्या पोरांसारखा ‘लाह’ लावून म्हणायची, आणि झोपताना माझा टी-शर्ट मुठीत धरून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सने बाबांच्या मोबाइलवरून फोन लावून दिला. त्यांचा आवाज खोल गेलेला. मी पद सुरू केलं. त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्याच चालीवर, सावकाश, अक्षरं ताणत. दोन ओळी झाल्या आणि लक्षात आलं, आई गेली तेव्हा आम्ही हे अगदी असंच म्हटलं होतं. मी ओळ अर्धीच सोडली.

“अगं, मी आहे अजून,” बाबा म्हणाले. हसायला गेले तर खोकल्याची उबळ आली. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं, संपलं.

“दुसरी म्हण,” ते म्हणाले. “माझी आई म्हणायची ती.”

मी म्हणू लागले. धापा टाकत तेही म्हणू लागले, कुठेही न अडखळता. म्हणजे इतकी वर्षं ती चाल त्यांना येत होती. मरण म्हणजे घरी परतणं, असं भर उपासनेत ठणकावून सांगणारा हा माणूस आज आईची चाल मागत होता. माझी भीती कमी व्हायची ती उलट वाढलीच.

पुढे तो ताप डेंगीचा निघाला आणि बाबा घरी येऊन चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडले. पण त्या दुपारी हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? पद संपलं. तिकडे नर्स फोन ठेवायला सांगत होती.

“ठेवू का, बाबा?” मी विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “एवढ्यात ठेवू नकोस गं. मला भीती वाटते.”